फोर्तुनातो फ्रँको : एका मध्यरक्षकाची कारकीर्द व तिचीं साधनें

सनदा, महजर, वतनपत्रें आणि बखरी यांच्या शोधांत गढलेल्या वाचकांस प्रस्तुत लेखाचें नांव पाहून किंचित् नवल वाटेल. फुटबॉल खेळणाऱ्याचें चरित्र हा इतिहाससंशोधनाचा विषय होतो काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदींच अनाठायीं आहे असें म्हणतां येणार नाहीं. परंतु एखाद्या मोहिमेच्या यशाची नोंद जगानें ठेवावी आणि त्या यशांतील एका माणसाच्या कामाची नोंद मात्र जवळजवळ कोणीच ठेवूं नये, अशा माणसाचें चरित्र लिहूं जातां जे प्रश्न उभे राहतात, तेच प्रश्न बारामती-इंदापूरकडील जुने कागद चाळतांना आम्हांस नित्य पडत आले आहेत. म्हणून हें धाडस.

लेखास निमित्त असें झालें. इंदापुरास एका घरचे रुमाल पाहावयास आम्ही गेलों होतों. त्या घरांतील शाळकरी मुलगा आमच्या शेजारीं बसून मोडी अक्षरांकडे पाहत होता. तो शाळेच्या फुटबॉलच्या संघांत मधल्या फळींत खेळतो, असें त्याच्या वडिलांनीं सांगितलें. कांहीं वेळानें त्यानें विचारलें, "गुरुजी, ज्यानें एकसुद्धां गोल केला नाहीं, त्याचें नांव इतिहासांत राहतें का?" त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें शोध करतां फ्रँको यांचें चरित्र हातीं आलें.

प्रथम मध्यरक्षक म्हणजे कोण, हें पाहूं. फुटबॉलच्या जुन्या रचनेंत गोलरक्षक सोडून दहा खेळाडूंपैकीं दोन पिछाडीस, तीन मध्यें व पांच आघाडीस असत. या मधल्यांस हाफबॅक म्हणत. शत्रूची चाल मोडून चेंडू हिरावून घ्यावा आणि तोच चेंडू आपल्या आघाडीस पोंचता करावा, असें त्यांचें दुहेरी काम. कावळ्याचें एकच बुबुळ प्रसंगाप्रमाणें दोन्ही डोळ्यांत फिरतें अशी समजूत आहे, तिजवरून आमच्या शास्त्रकारांनीं काकाक्षिगोलकन्याय योजिला. तो येथें अक्षरशः लागू पडतो. आणखी एक मौज आहे. आमच्या जुन्या लष्करी भाषेंत पुढची फौज ती बिनी, मागची ती चंदावल, आणि मधला मुख्य जमाव तो गोल. म्हणजे जुन्या कागदांतला गोल हा मध्यभागीं उभा असे. आजच्या खेळांतला गोल दोन्ही टोकांस गेला आणि मध्यभागीं उभे राहणारे लोक गोलाच्या हिशेबांतून वगळले गेले.

फोर्तुनातो फ्रँको यांचा जन्म १९३७ सालचा, बारदेशांतील कोलवाळ येथील. शापोरा नदीच्या कांठचें हें गांव त्या वेळीं पोर्तुगीज अंमलाखालीं होतें. फ्रँको लहानपणींच मुंबईस आले व तेथेंच त्यांचा खेळ तयार झाला. मुंबई हें या खेळाचें जुनें ठाणें. रोव्हर्स चषकाची स्पर्धा तेथें १८९१ सालापासून सुरू झाली होती. आरंभीं ती गोऱ्या पलटणींचीच मिरास होती, आणि १९३७ सालीं, म्हणजे फ्रँको यांच्या जन्मवर्षींच, बंगलोर मुस्लिम्स या देशी संघानें ती प्रथम जिंकिली. पुढें मुंबईंत गिरण्या, रेल्वे, बंदर व मोठमोठ्या पेढ्या यांचे संघ निघाले. फ्रँको मुंबईंत टाटांच्या संघाकडून व गोव्यांत साळगांवकर संघाकडून खेळले.

येथें पेशा या शब्दाचा खुलासा करणें अवश्य आहे. आज खेळाडूशीं उघड करार होतो व त्याचा मोबदला वर्तमानपत्रांत छापून येतो. फ्रँको यांच्या काळीं आपल्याकडील खेळाडू नांवानें हौशी असत. कंपनी त्यांस नोकरी देई, हजेरीपट त्या नोकरीचा असे, आणि कसोटी मात्र मैदानावर होई. ऑलिंपिकच्या तत्कालीन नियमांप्रमाणें धंदेवाईक खेळाडूस तेथें मज्जावच असल्यामुळें, पेशा असून पेशा म्हणावयाचा नाहीं अशी ही स्थिति होती. शिलेदार आपल्या घोड्यावर येई आणि बारगीर सरकारी घोड्यावर बसे, हा भेद आपणांस ठाऊक आहे. कंपनीच्या संघांतला खेळाडू या दृष्टीनें बारगीरच होय. बारामतीकरांस याहून जवळचें उदाहरण मोरोपंतांचें. पन्हाळ्यास १७२९ सालीं जन्मलेला हा कवि बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहिला आणि १७९४ सालीं तेथेंच वारला. पुराण सांगण्यासाठीं आश्रय मिळाला. आर्या रचण्यासाठीं कोणी वेतन ठरविलें नव्हतें. हजेरीपटांत एक काम आणि कीर्तींत दुसरें, ही रीत जुनीच आहे.

१९६० सालीं रोम येथील ऑलिंपिकसाठीं जो भारतीय संघ निवडला गेला, त्यांत फ्रँको यांचें नांव आहे. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी. हंगेरीशीं १-२ असा पराभव, फ्रान्सशीं १-१ अशी बरोबरी, पेरूशीं १-३ असा पराभव, असा त्या संघाचा इतिहास आहे. फ्रँको यांस एकाही सामन्यांत उतरण्याची संधि मिळाली नाहीं. मात्र संशोधकानें एक गोष्ट टिपून ठेवावी. त्या वेळीं गोवा मुक्त झालेला नव्हता. तो १९ डिसेंबर १९६१ रोजीं झाला. म्हणजे ज्या गांवावर पोर्तुगालचें निशाण फडकत होतें, त्या गांवीं जन्मलेला तरुण भारताच्या यादींत होता. राजकीय इतिहास लिहिणाऱ्यांनीं खेळाच्या याद्या पाहाव्यात, त्या याचसाठीं.

गोवा मुक्त होऊन आठ-नऊ महिने झाले आणि जाकार्ता येथील चौथे आशियाई खेळ आले. इस्रायल व तैवान यांस इंडोनेशियानें प्रवेश नाकारिला. त्यावर गुरुदत्त सोंधी यांनीं हरकत घेतली, आणि तेथील लोकमत भारतावर उलटलें. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीं भारतीय वकिलातीवर जमावानें हल्ला केला. संघाचा आरंभही चांगला नव्हता. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें २-० असें हरविलें. नंतर थायलंडवर ४-१ व जपानवर २-० असे विजय मिळाले. थायलंडशीं खेळतांना पिछाडीचा खंदा वीर जर्नेलसिंग याच्या डोक्यास जखम होऊन टांके घालावे लागले. रहीम यांनीं त्यास पुढें आघाडीच्या मध्यावर खेळविलें. उपांत्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनाम ३-२ असें पडलें.

४ सप्टेंबर १९६२ रोजीं सेनायन मैदानावर पुनः दक्षिण कोरियाशीं गांठ पडली. प्रेक्षक लाखाच्या घरांत, आणि बहुतेक सर्व भारताच्या विरुद्ध. सतराव्या मिनिटास बॅनर्जी यांनीं व विसाव्या मिनिटास जर्नेलसिंग यांनीं गोल केला. कोरियानें अखेरीस एक फेडला. २-१ असें सुवर्णपदक भारतास मिळालें. कर्णधार चुनी गोस्वामी होते. मधल्या फळीची भिस्त प्रशांत सिन्हा व फोर्तुनातो फ्रँको या दोघांवर होती.

आतां साधनांचा विचार करूं. या सामन्याचा तक्ता पाहिल्यास त्यांत गोल करणाऱ्यांचीं नांवें व मिनिटें आहेत. विसाव्या मिनिटापासून सामना जवळजवळ संपेपर्यंत, म्हणजे एक तासाहून अधिक वेळ, दोन गोलांची आघाडी अभंग राहिली. या तासांत चेंडू किती वेळां हिरावला गेला, कोरियाची चाल कोणीं कोठें अडविली, थकलेल्या आघाडीस चेंडू कोणीं पुरविला, याविषयीं तक्ता मूक आहे. आज प्रत्येक खेळाडूनें किती वेळां चेंडू दिला व किती वेळां हिरावला याची गणना यंत्रानें होते. त्या काळीं ती नव्हती. दुसरें साधन वर्तमानपत्रांचें. तें आमच्या अखबारांसारखें. बातमीदार जें ठळक दिसलें तें लिहितो, आणि गोलाइतकें ठळक दुसरें कांहीं नसतें. तिसरें साधन सोबत्यांच्या आठवणी; त्या बहुधा वृद्धपणीं सांगितलेल्या, म्हणून इतर पुराव्याशीं ताडून घ्याव्या लागतात. चौथें साधन १९६२ च्या संघावर निघालेला 'मैदान' हा २०२४ सालचा चित्रपट. त्यास आम्ही बखरीच्या वर्गांत घालतों. बखरीनें लोकांच्या मनांत नांवें जागतीं राहतात हा तिचा मोठाच उपकार. परंतु बखरीवरून तारीख ठरवूं नये, हा आपला जुना दंडक येथेंही पाळावा.

रहीम हे पुढच्याच वर्षीं, ११ जून १९६३ रोजीं, वारले. फ्रँको यांची कारकीर्द मात्र पुढें चालू राहिली. संतोष करंडकाच्या राष्ट्रीय स्पर्धेंत १९६४ सालीं महाराष्ट्रानें विजय मिळविला, त्या संघांत ते होते. पूर्वीं हा करंडक मुंबई या नांवानें जिंकलेला होता. १९६० सालीं राज्य स्थापन झाल्यावर महाराष्ट्र या नांवानें मिळविलेलें हें पहिलें विजेतेपद, आणि त्यांत एका कोलवाळकराचा वांटा आहे. १० मे २०२१ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, साथीच्या भर काळांत गोव्यांत त्यांचें निधन झालें. १९६२ नंतर आशियाई खेळांत फुटबॉलचें सुवर्णपदक भारतास पुनः मिळालेलें नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या अपराधाची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. इंदापूर हें मालोजीराजांच्या जहागिरीचें ठिकाण. तेथील लढाईंत ते पडले असें सांगतात. सालाविषयीं मतभेद आहेत, त्यांत येथें शिरत नाहीं. त्या भागांत बऱ्याच उत्तरकालीन अशी बारगिरांची एक याद सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या पाहण्यांत आली. आम्ही तिची नक्कल केली. प्रारंभींचीं दोन नांवें मातबर घराण्यांचीं, म्हणून तीं लिहून घेतलीं. शेवटीं रकमेची बेरीज होती, तीही घेतली. मधल्या नांवांचा उपयोग काय, असें मनांत येऊन तेथें "वगैरे असामी १४" इतकेंच लिहिलें. दिवस मावळत होता आणि परतण्याची घाई होती, एवढीच काय ती सबब. पुढें कांहीं वर्षांनीं पुनः त्या घरीं गेलों तों तो रुमाल वाळवीनें खाल्लेला होता. तीं चौदा माणसें कोण, हें आतां कोणासही कळणार नाहीं. तीं पानिपतांत किंवा वाळवीपुढें नष्ट झालीं नाहींत. आमच्या लेखणीनें झालीं. मुलाचा प्रश्न ऐकून आम्ही निरुत्तर झालों, त्याचें खरें कारण हें.

फ्रँको यांचें नांव राहिलें तें मुख्यतः एका यादीमुळें. ज्या कोणीं संघाची यादी लिहितांना गोल करणाऱ्यांपाशीं न थांबतां अकराच्या अकरा नांवें लिहिलीं, त्यानें इतिहासाचें काम केलें. एवढ्यावरच समाधान मानूं नये. त्या काळच्या संघांचे हजेरीपट, सामन्यांचीं हस्तपत्रकें, परवाने, प्रवासाच्या याद्या, पाठीमागें नांवें लिहिलेलीं छायाचित्रें, हें सर्व अद्याप मुंबई-गोव्याकडील घरोघरच्या पेट्यांत असण्याचा संभव आहे. आमच्या बारामती-इंदापूरकडे पाहूं जातां, तालमींच्या वह्या आणि जत्रेंतील कुस्त्यांच्या फडांचे हिशेब याच जातीचे आहेत. त्यांत जिंकणाऱ्याबरोबर हरणाऱ्याचें व पंचाचेंही नांव सांपडतें. असे कागद रद्दींत जात आहेत. संग्राहकांनीं सनदांबरोबर तेही पदरीं घ्यावेत आणि नक्कल करतांना मधलीं नांवें गाळूं नयेत, एवढी आमची विनंति आहे.

त्या मुलास आम्हीं पत्र लिहून फ्रँको यांचें नांव, गांव व सामन्याची तारीख कळविली आहे. शेवटीं असेंही लिहिलें आहे कीं, तुमच्या शाळेच्या सामन्यांची वही तूं ठेव, आणि तींत सर्वांचीं नांवें लिही.