शांततेचा व्हॉल्यूम

गेल्या शनिवारी रात्री मी हेडफोन लावून अ‍ॅरिझोनातली शांतता ऐकत होतो. हो, शांतताच! आणि ती इतक्या मोठ्याने वाजत होती की दुसऱ्याच मिनिटाला मी आवाज कमी केला.

झालं असं की एका मित्राने रेवन चाकोन या संगीतकाराची 'फील्ड रेकॉर्डिंग्ज' ही १९९९ सालची कृती पाठवली. सोबत एकच ओळ, "तुझ्या जुन्या प्रोजेक्टसारखं वाजतंय." कृतीची कल्पना अगदी सोपी आहे. वारा पडलेल्या दिवशी एखाद्या निवांत जागी जायचं, ती शांतता रेकॉर्ड करायची आणि मग तिचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवायचा. अशा तीन जागा आहेत: विंडो रॉक, सँडिया पर्वत आणि कॅनियन द शे.

ज्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. इनपुटला काही नसलं तरी गेन वाढवत नेला की आउटपुटला खरखर येतेच. आम्ही तिला नॉइज म्हणायचो, फिल्टर लावून घालवायचो आणि जर्नलवर सही घ्यायचो. चाकोनने ती खरखरच पुढे ठेवली. ऐकताना कळत नाही की यात दरी किती, हवा किती आणि यंत्र किती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही थोडी चलाखी वाटली, खोटं कशाला बोलू? जॉन केजने १९५२ मध्येच वादकाला साडेचार मिनिटं गप्प बसवून ठेवलं होतं. मग यात नवीन ते काय?

पण मग मी नकाशा उघडला, आणि रात्रीचे दोन वाजले.

चाकोन नवाहो आहे. हे लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात. त्याचा जन्म १९७७ चा, नवाहो नेशनमधल्या फोर्ट डिफायन्स गावचा. गावाच्या नावातच किल्ला आहे, आणि तो नवाहोंवर जरब बसवायला अमेरिकन लष्कराने १८५१ मध्ये बांधलेला. १८६३ मध्ये किट कार्सनने नवाहोंविरुद्ध मोहीम काढली ती याच भागात तळ ठोकून. उभी पिकं जाळायची, मेंढ्या मारायच्या, लोक उपाशी पडले की आपोआप शरण येतील असा हिशेब. १८६४ च्या जानेवारीत फौज कॅनियन द शेमध्ये घुसली. म्हणजे त्याच दरीत, जिची शांतता माझ्या कानात वाजत होती. त्याच वर्षी नवाहोंनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या पीचच्या बागाही तोडल्या. हजारो झाडं.

शरण आलेल्यांना सुमारे पाचशे किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतल्या बोस्की रेडोंडोला नेलं. आठ हजारांहून जास्त माणसं तिथल्या छावणीत कोंडली होती. खारं पाणी, बुडालेली पिकं, रोगराई... शेकड्यांनी माणसं मेली. शेवटी १ जून १८६८ ला करार झाला आणि उरलेले आपल्या मुलखात परतले. हाकललेली जमात आपल्याच भूमीत परत आली, असं अमेरिकेत फार क्वचित घडलंय.

आता दरीत शांतता आहे म्हणजे नेमकं काय आहे? हे वाचल्यावर ट्रॅक परत लावला. खरखर तीच होती, पण या वेळी आवाज कमी करायला हात गेला नाही.

चाकोन शिकला न्यू मेक्सिको विद्यापीठात आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्समध्ये, तेही जेम्स टेनी, वाडाडा लिओ स्मिथ अशा दिग्गजांच्या हाताखाली. त्याचं सगळंच काम शांततेचं आहे असं मात्र नाही हं. २००१ च्या 'रिपोर्ट'मध्ये चक्क पिस्तुलं, रायफली आणि शॉटगन ही वाद्यं आहेत, आणि कुठली केव्हा झाडायची याचं रीतसर नोटेशन आहे. (इंग्रजीत बंदुकीच्या आवाजालाही रिपोर्टच म्हणतात.) 'पोस्टकमोडिटी' या कलाकारांच्या गटात असताना त्यांनी २०१५ मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमेवर दोन मैलांच्या ओळीत २६ प्रचंड फुगे हवेत सोडले, निम्मी ओळ या देशात, निम्मी त्या. पण मला तो परत परत भेटला तो शांततेपाशीच.

२०१६ च्या नोव्हेंबरात स्टँडिंग रॉकला तेलवाहिनीविरुद्ध आंदोलन चालू होतं. तिथे पुलावर शेकडो माणसं पोलिसांसमोर एक शब्द न बोलता उभी राहिली. पुढाकार बायकांचा. चाकोनने ते रेकॉर्ड केलं आणि नाव दिलं 'सायलेंट क्वायर'. मुके वृंदगान! घोषणा सगळेच रेकॉर्ड करतात, याने गप्प बसणं रेकॉर्ड केलं.

आणि मग 'व्हॉइसलेस मास'. 'मास' म्हणजे वसई-गोव्याकडचा मिस्सा, आणि 'मास' म्हणजे जमावसुद्धा. ही रचना २१ नोव्हेंबर २०२१ ला मिलवॉकीच्या कॅथेड्रलमध्ये पहिल्यांदा वाजली. ऑर्गन, बासऱ्या, क्लॅरिनेट, तंतुवाद्यं, तालवाद्यं, सोबत इलेक्ट्रॉनिक साइन टोन. मिस्सा असून गाणारा एकही नाही. इथे १८६८ च्या करारातलं सहावं कलम आठवतं. सहा ते सोळा वयाची मुलं शाळेत पाठवणं नवाहोंवर त्यात बंधनकारक केलं होतं. अमेरिकेत मूलनिवासी मुलांसाठी ज्या निवासी शाळा निघाल्या त्यांतल्या बऱ्याच सरकारी, काही चर्चच्या, आणि बहुतेक ठिकाणी स्वतःच्या भाषेत बोलायची बंदी. सत्ता असलेले जागा सोडायलाच तयार नसतील तर 'मूकांना आवाज देणं' फोल आहे, असा चाकोनचा मुद्दा. म्हणून चर्चमध्येच, चर्चचाच ऑर्गन वाजवायचा, आणि आवाजाची जागा मोकळी ठेवायची.

२०२२ मध्ये या रचनेला पुलित्झर मिळालं. संगीताचं पुलित्झर मिळालेला तो पहिला मूलनिवासी अमेरिकन. हा पुरस्कार १९४३ पासून दिला जातोय.

बातम्या पुलित्झरच्याच झाल्या, साहजिक आहे. मला मात्र दुसरीच गोष्ट जास्त भारी वाटली. २००४ पासून तो आरक्षित प्रदेशांतल्या हायस्कुलांत जाऊन नवाहो, होपी वगैरे पोरांना स्ट्रिंग क्वार्टेट लिहायला शिकवतोय. यातल्या कितीतरी पोरांनी आधी स्वरलिपी पाहिलेलीही नसते. त्यांनी लिहिलेलं व्यावसायिक वादक येऊन वाजवतात. अशी तीनशेहून अधिक पोरं झाली. म्हणजे तेवढ्या पोरांनी कागदावर काहीतरी मांडलं आणि चार मोठ्या माणसांनी ते जसंच्या तसं, गंभीरपणे वाजवलं. मला हायस्कुलात कोणी असं काही विचारलं असतं तर... असो.

रविवारी दुपारी हेडफोन चार्जिंगला होता, म्हणून कॅनियन द शे स्पीकरवर लावलं. अर्ध्या मिनिटात स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अरे, केबल गेली का?"

"नाही गं, अ‍ॅरिझोना आहे," म्हटलं.

"बरं. जरा हळू लाव."