वीरगळ ते परमवीर चक्र

मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावात वीरगळांची एक जुनी रांग आहे. वीरगळ वाचायचा तो खालून वर. तळाशी धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि शेवटच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. एकसरच्या काही दगडांवर तर वल्हेकऱ्यांनी भरलेल्या गलबतांच्या रांगा कोरल्या आहेत, म्हणजे लढाई समुद्रावर झालेली. असे वीरगळ महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पण बहुतेकांवर नाव नाही. पराक्रम दगडात राहिला, माणूस मात्र हरवला.

तिथून आपण शिवकाळात येतो, तेव्हा सन्मानाला हिशेबाची शिस्त आलेली दिसते. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सभासदाने लिहिलेल्या बखरीत अफजलखानाच्या पारिपत्यानंतरच्या बक्षिसांची नोंद आहे. जखमींना जखम पाहून होन, कोणाला हत्तीघोडे, कोणाला कडी, तुरे, पदके. मला मात्र त्याआधीची तजवीज अधिक मोलाची वाटते: पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत चालवावे आणि पुत्र नसेल तर त्याच्या बायकोला निम्मे वेतन द्यावे. कडे मनगटावर शोभते, वेतनावर घर चालते.

पुढे कंपनी सरकारने १८३७ मध्ये हिंदी शिपायांसाठी 'ऑर्डर ऑफ मेरिट' सुरू केले. त्याचे तीन वर्ग होते. वरच्या वर्गात जायचे तर पुन्हा पराक्रम करावा लागे, आणि पदकाबरोबर पगारही वाढे. आज विसरले गेलेले हे पदक व्हिक्टोरिया क्रॉसपेक्षा १९ वर्षांनी जुने. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान १८५६ मध्ये निघाला. हिंदी शिपायाला मात्र तो मिळू शकत नव्हता. पंचावन्न वर्षे त्याच फौजेत, त्याच गोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचे शौर्य खालच्या पायरीवर मोजले गेले, हा अन्याय लहान नव्हता. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात तो दरवाजा उघडला, आणि ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये सारे साथीदार पडल्यावरही मशीनगन चालवत राहिलेले खुदादाद खान त्याचे पहिले हिंदी मानकरी ठरले. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांनी तो इटलीत मिळवला: नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. १० जुलै १९४४ रोजी घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात कोसळली. ते एकटेच पुढे धावले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने मशीनगनवरच्या उरलेल्या दोघा शत्रुसैनिकांना लोळवले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले.

स्वातंत्र्यानंतर पदकही आपले हवे होते. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम सावित्रीबाई खानोलकरांकडे सोपवले. त्या जन्माने स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या, पुराणे मनापासून वाचलेल्या. वज्रासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा त्यांनी निवडली. कांस्याच्या लहानशा वर्तुळात मध्यभागी राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे आणि वर साधी जांभळी फीत. ना सोने, ना रत्न. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनचे पराक्रम त्यात धरले गेले. काश्मीरमधल्या बडगामला धारातीर्थी पडलेले पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या जावयाचे भाऊ.

त्या पहिल्या मानकऱ्यांतच कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे होते. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर मांडीला जखम असताना ते रणगाड्याखाली सरपटत पुढे जात, दोराने चालकाला इशारा देत आणि सुरुंग काढत. रणगाडे राजौरीला पोचले ते त्यामुळे. आजवर २१ जणांना हे चक्र मिळाले, त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारच्या २१ बेटांना या साऱ्यांची नावे दिली गेली. त्यांतले एक बेट राणे यांच्या नावाचे आहे.