पागे, विठ्ठल सखाराम

(२१ जुलै १९१०–१६ मार्च १९९०). महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती आणि रोजगार हमी योजनेचे जनक. जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील बागणी येथे. स्वातंत्र्य चळवळीतून ते काँग्रेसच्या राजकारणात आले. गांधीविचार आणि संतसाहित्य यांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, ते परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत सलग अठरा वर्षे त्या पदावर राहिले. १९६८ पासून रा. सू. गवई त्यांचे उपसभापती होते. पागे यांच्यानंतर सभापतिपदही गवई यांच्याकडेच आले.

वरिष्ठ सभागृह म्हणून परिषदेचा मान मोठा असला, तरी अधिकार बेताचे आहेत. धनविधेयक ती चौदा दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही. सभापतीला तर एरवी मतही नसते. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच त्याला निर्णायक मत देता येते. अशा खुर्चीत बसलेल्या माणसाने राज्यातल्या सर्वांत गरीब माणसासाठी कायदा घडवून आणावा, यातच पागे यांच्या कारकिर्दीचे मोठेपण आहे. मंत्रिपद नसताना त्यांनी हे काम सरकारला पटवून पटवून करून घेतले.

कल्पना साधी होती. सुगी सरली की कोरडवाहू गावातला मजूर रिकामा होतो आणि पोटासाठी गाव सोडतो. त्याला गावाजवळच काम द्यायचे; पण उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ही कल्पना आधी करून पाहण्यात आली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती उचलून धरली आणि १ मे १९७२ पासून योजना राज्यभर लागू झाली. लगोलग मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी ती कामे. पाटी-कुदळ घेऊन आलेल्यांत बायांची संख्या मोठी होती. त्यांतल्या कित्येकींचे नाव हजेरीपटावर पहिल्यांदाच चढले असेल, आणि नवऱ्याच्या नव्हे तर स्वतःच्या अंगठ्यावर मजुरी हातात पडली असेल. या कामांचे हे फळ फार मोलाचे आहे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न शहरांच्या साह्याने सुटला. नोकरदार आणि व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला आणि तो या योजनेकडे वळवण्यात आला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापले जाणारे चार पैसे माणदेशातल्या बांधावर पोहोचू लागले. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले पाहिजे, नाही तर बेकारभत्ता द्यावा लागेल, हे त्यात आले. ‘मागेल त्याला काम’ हे शब्द तोवर गावोगावी सर्वांच्या तोंडी झाले होते.

कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला, तेव्हा पागे सभापतिपदावर नव्हते. केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी केलेल्या कायद्यात पंधरा दिवसांची मुदत आणि बेकारभत्ता या दोन्ही गोष्टी आल्या; मात्र तिथे हमी कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांची होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.