कर शून्य, तरी टीडीएस का कापला? पेन्शनर आणि शेतकरी कुटुंबांसाठी आयकराची माहिती

‘बारा लाखापर्यंत टॅक्स नाही’ हे गावात सगळ्यांनी ऐकलंय. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. तरी निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, एसटीचे वाहक यांच्या पासबुकात व्याजातून टीडीएस कापल्याची नोंद दिसते आणि मग बँकेत वाद होतो. कर शून्य असणं, टीडीएस न कापला जाणं आणि रिटर्न भरावं न लागणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच समजल्यामुळे अनेकांचे हक्काचे पैसे सरकारकडे पडून राहतात.

खालची माहिती १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाची आहे.

बारा लाखाचा हिशेब

नवीन करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, आणि पुढे टप्प्याटप्प्याने २४ लाखांच्या वर ३० टक्के. म्हणजे १२ लाखांवर ६० हजार कर बसतो, पण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर तेवढीच सूट मिळून कर शून्य होतो. पेन्शनरांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट आधीच मिळते. मात्र शेअर किंवा प्लॉट विकून झालेल्या भांडवली नफ्यावर विशेष दराने कर लागतो, त्याला ही सूट लागू नाही.

जुन्या प्रणालीत साठीच्या पुढे ३ लाखांपर्यंत आणि ऐंशीच्या पुढे ५ लाखांपर्यंत कर नाही. विमा, मेडिक्लेम, ठेवींच्या व्याजावर ५० हजारांपर्यंत वजावट, हे तिथे मिळतं. पण उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की कर लागतोच.

समजा, ६८ वर्षांचे एक निवृत्त गुरुजी आहेत. पेन्शन महिना ४२ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४ हजार. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख ठेवलेत, ८.२ टक्क्यांनी त्याचं व्याज १ लाख २३ हजार. बँकेतल्या ठेवींचं व्याज १ लाख ४० हजार आणि पतसंस्थेचं ५७ हजार. एकूण ८ लाख २४ हजार. ७५ हजार वजा जाता ७ लाख ४९ हजार राहतात. नवीन प्रणालीत कर शून्य. जुन्यात प्रमाणित वजावट ५० हजार आणि व्याजाची ५० हजार धरली तरी ७ लाख २४ हजार उरतात आणि सेससह ५६ हजार ९९२ रुपये कर येतो. गुरुजींनी नवीन प्रणालीतच राहावं, यात विचार करण्यासारखं काही नाही. काही निवडलं नाही तर तीच लागू होते.

मग टीडीएस कशाला?

बँक किंवा पोस्टाला गुरुजींचं एकूण उत्पन्न माहीत नसतं. ज्येष्ठ नागरिकाला एका बँकेकडून वर्षाला १ लाखापेक्षा जास्त व्याज मिळालं की १० टक्के कापायचे, एवढाच त्यांचा नियम. साठीच्या आतल्यांना ही मर्यादा ५० हजार आहे. गुरुजींचे पोस्टात १२ हजार ३०० आणि बँकेत १४ हजार कापले जातील. मिळून २६ हजार ३००, आणि देणं असलेला कर शून्य.

हे टाळायला फॉर्म १५एच आहे, साठीच्या आतल्यांना १५जी. ‘माझ्या एकूण उत्पन्नावर या वर्षी कर बसत नाही’ असं त्यात लिहून द्यायचं. सूट धरून कर शून्य होत असेल तर ज्येष्ठांना १५एच देता येतो. १५जी ला अट जास्त कडक आहे, तिथे व्याजच मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असावं लागतं. फॉर्म दरवर्षी एप्रिलमध्ये आणि प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो. पोस्टातही द्यावा लागतो, आणि तिथेच लोक विसरतात. मागच्या वर्षी दिला होता, हे चालत नाही. वर्षाच्या मधे दिला तर पुढची कपात थांबते, झालेली परत येत नाही. ती फक्त रिटर्न भरून रिफंडमध्ये मिळते. भरून दिलेल्या फॉर्मची पोच घ्यावी. काउंटरवर ‘ठेवा इथं’ म्हटलं की फॉर्म गेला, पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही.

कर बसत असताना खोटा फॉर्म देणं हा मात्र गुन्हा आहे. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय होतं, फॉर्म चालत नाही आणि टीडीएस २० टक्के कापला जातो.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलतात. म्हणून नव्या वर्षात बँकेत ‘टीडीएस न कापण्याचा फॉर्म’ असं म्हणून मागितलेलं बरं.

पतसंस्थेचं उलट आहे. बऱ्याच पतसंस्था सभासदांच्या व्याजातून टीडीएस कापत नाहीत, म्हणून ते व्याज करमुक्त आहे असा समज पसरलाय. तसं नाही. ते उत्पन्नात धरावंच लागतं.

शेतीचं उत्पन्न

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पण ते दाखवायचंच नाही, असा त्याचा अर्थ नाही. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, पेन्शनरांना आयटीआर-२ भरावा लागतो. ऊस किंवा कांदा घेणाऱ्या घरात ५ हजार म्हणजे काय, तरी गावोगाव आयटीआर-१ भरून दिला जातो. शेतीचं उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जमीन किती, कुठे, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत हेही विचारलं जातं. तेव्हा सातबारा, कारखान्याची बिलं, बाजार समितीच्या पट्ट्या आणि खताच्या पावत्या हाताशी असलेल्या बऱ्या.

शेतीचं उत्पन्न बाकीच्या उत्पन्नावरचा दर ठरवतानाही धरलं जातं. गुरुजींना शेतीतून ४ लाख मिळत असतील तरी त्यांचा कर शून्यच राहतो. पण पेन्शन आणि व्याज मिळून वजावटीनंतर ११ लाख आणि शेतीचे ५ लाख असतील, तर १६ लाखांवरचा कर १ लाख २० हजार, त्यातून ९ लाखांवरचा ३० हजार वजा करून ९० हजार उरतात. त्यावर सूट ६० हजारांचीच. म्हणजे ‘बारा लाखाच्या आत’ असूनही सेससह ३१ हजार २०० भरावे लागतात.

दूध, कोंबड्या, ट्रॅक्टरचं भाडं हे आयकराच्या भाषेत शेतीचं उत्पन्न नाही. तो धंदा आहे आणि त्याला रिटर्नचा फॉर्म वेगळा लागतो.

बायकोच्या नावे ठेव

कर वाचवायला पैसे बायकोच्या किंवा सुनेच्या नावे ठेवायचा सल्ला पारावर सर्रास मिळतो. नवऱ्याने दिलेल्या पैशाचं व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, सुनेच्या बाबतीत सासऱ्याच्या. सज्ञान मुलाला दिले तर व्याज मुलाचं. पण चार हजार कर वाचवायला म्हातारपणची पुंजी दुसऱ्याच्या हाती द्यावी का, ते ज्याने त्याने घर बघून ठरवावं.

नवऱ्यामागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर ७५ हजारांची वजावट नाही. तिथे नवीन प्रणालीत एक तृतीयांश किंवा २५ हजार, यातली कमी रक्कम वजा होते. सरकारी नोकरीतली ग्रॅच्युइटी, विकलेली पेन्शन आणि निवृत्तीवेळी मिळालेलं रजेचं रोखीकरण करमुक्त आहे, त्यावर पुढे मिळणारं व्याज नाही.

रिटर्न कोणी भरायचं?

नवीन प्रणालीत एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरणं सक्तीचं आहे, कर शून्य असला तरी. मुदत ३१ जुलै २०२६. उशिरा ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण विलंब शुल्क लागतं: ५ लाखांपर्यंत उत्पन्नाला १ हजार, त्यावर ५ हजार. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांची पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच ठराविक बँकेत असेल आणि तिथे घोषणापत्र दिलं असेल तर त्यांना रिटर्नमधून सुटका आहे. दुसऱ्या ठिकाणी एखादी ठेव असली की ही सुटका नाही.

भरण्याआधी आयकराच्या वेबसाइटवर २६एएस आणि एआयएस उघडून कोणी किती टीडीएस जमा केला ते बघावं. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करावं, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात. ‘जास्त रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला मोबाईलवरचा ओटीपी देऊ नये. खोट्या वजावटी दाखवून काढलेला रिफंड परत करावा लागतो. त्यावर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि नोटीस एजंटाच्या नाही, पेन्शनरच्या नावे येते.