माधुकरी ते ‘कमवा आणि शिका’ : विद्यार्थ्याच्या उपजीविकेचे शब्द आणि त्यांचा इतिहास

(१)

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा इतिहास बहुधा संस्थांच्या अंगाने लिहिला गेला आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, फर्गसन महाविद्यालय १८८५ मध्ये निघाले, पुणे विद्यापीठाचा आरंभ १९४९ मध्ये झाला, अशा तारखांची मालिका आपणांस पाठ असते. परंतु या संस्थांत शिकणारा विद्यार्थी दोन वेळा कोठे जेवत होता, आणि त्या जेवणाचे मोल तो कशाने चुकवीत होता, हा प्रश्न चरित्रग्रंथांतून डोकावतो. इतिहासात क्वचितच शिरतो. वास्तविक कोणी शिकावे याचा निकाल प्रवेशपरीक्षेच्या कितीतरी आधी या प्रश्नापाशीच लागत असे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार शब्दांच्या वाटेने करावयाचा आहे. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची व्यवस्था सांगण्यासाठी समाज जे शब्द वापरतो, त्यांत देणारा कोण, घेणारा कोण आणि दाराबाहेर राहिलेला कोण, यांची नोंद आपोआप होत असते. विवेचन हवेत राहू नये म्हणून एक गाव दृष्टीसमोर ठेवू. सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या उत्तरेस टेंभुर्णीच्या रस्त्यावर करकंब आहे. येथील मुलास पदवीच्या शिक्षणासाठी दीर्घकाळ एक तर गाव सोडावे लागले, नाही तर पंढरपूरची रोजची ये-जा पत्करावी लागली. त्याचे विद्यापीठ आधी मुंबईचे होते, १९४९ नंतर पुण्याचे झाले, १९६२ नंतर कोल्हापूरचे आणि २००४ पासून सोलापूरचे. गाव जागचे हलले नाही, विद्यापीठ मात्र जवळ येत गेले. अन्नाचा प्रश्न त्याच गतीने जवळ आला काय, हे पाहण्यासारखे आहे.

(२)

जुन्या व्यवस्थेतील दोन शब्द सर्वपरिचित आहेत : ‘माधुकरी’ आणि ‘वार’. मधुकर म्हणजे भुंगा. तो प्रत्येक फुलातून थोडे थोडे घेतो आणि कोणत्याच फुलास उणेपणा आणीत नाही. तद्वत अनेक घरांतून थोडे थोडे शिजविलेले अन्न मागून आणणे ती माधुकरी. मूळ कल्पना संन्याशाच्या वृत्तीची. ती ब्रह्मचाऱ्याकडे आली आणि मुंजीतील भिक्षावळीच्या रूपाने तिला संस्काराचे अधिष्ठान लाभले. ‘वार लावून जेवणे’ ही तिचीच अधिक स्थिर आवृत्ती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात उंबरे ठरत. पुण्यासारख्या शहरात गरीब मुलांच्या पिढ्या या दोन प्रथांवर शिकल्या, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

तथापि दोन्ही शब्दांचे व्याकरण न्याहाळले पाहिजे. माधुकरी ‘घातली’ जाते, वार ‘दिला’ जातो. व्यवहार घडतो तो यजमानाच्या इच्छेने. विद्यार्थी ‘मागतो’ हे खरे. परंतु मागण्याचा हा अधिकारही सर्वांना नव्हता. मुंज झालेल्या मुलालाच भिक्षेचा संस्कार होता आणि स्वयंपाकघराच्या सोवळ्याची मर्यादा जेथे संपे तेथे वारही संपे. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, महाराच्या किंवा मांगाच्या मुलास या प्रथेचा उपयोग जवळजवळ नव्हता. मुलींचा तर तिच्यात विचारच नव्हता. ज्या समाजाने दारिद्र्यातही शिकण्याची सोय निर्माण केली, त्यानेच ती सोय जातीच्या कुंपणात ठेवली.

येथे पंढरपूर परिसरातील अभ्यासकास एक गोष्ट सहज सुचेल. संस्कृत ‘वार’ या शब्दाचा एक जुना अर्थ पाळी, नेमलेली वेळ असा आहे. जेवणाचा ‘वार’ आणि पंढरीची ‘वारी’ हे दोन्ही शब्द त्या अर्थाच्या छायेतले आहेत. नेमलेल्या वेळी नेमलेल्या दाराशी जाणे हे दोहोंत समान. पण विठ्ठलाच्या दाराशीही काही वारकरी शतकानुशतके बाहेरच उभे राहिले. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते मंदिर दलितांना खुले झाले. त्याच वर्षी साताऱ्यास एक महाविद्यालय निघाले. त्याचा विचार पुढे येईल. एकाच वर्षी दोन दारे उघडली, एवढे येथे लक्षात ठेवू.

(३)

माधुकरीच्या जोडीला एकोणिसाव्या शतकात तिसरा शब्द प्रचारात आला : ‘उमेदवारी’. मूळ फार्सी ‘उमेद’ म्हणजे आशा. पुढेमागे नेमणूक होईल या आशेवर कचेरीत बिनपगारी किंवा अल्प पगारी राबणारा तो उमेदवार. कराडजवळच्या टेंभू येथे जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी (१८५६–१८९५) विद्यार्थिदशेत कराडास कचेरीत अशी उमेदवारी केली आणि दवाखान्यात कंपाउंडरचे कामही केले. धोंडो केशव कर्वे मुंबईस महाविद्यालयात शिकत असता शिकवण्या करून खर्च भागवीत. म्हणजे विद्यार्थ्याचे अर्थार्जन ही विसाव्या शतकाची निर्मिती नव्हे. परंतु ते ज्याचे त्याने, शाळा-महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर, बहुधा संकोचाने करावयाचे काम होते. संस्थेच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हते.

इतर देशांत संस्थेने हे काम ओळखले, पण ते नेहमी सन्मानाने ओळखले असे नाही. केंब्रिजमध्ये ‘सायझर’ नावाचा विद्यार्थिवर्ग असे. शुल्कात सवलत मिळावी म्हणून हे विद्यार्थी श्रीमंत सहाध्यायांची सेवाचाकरी करीत. १६६१ मध्ये ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झालेला न्यूटन याच वर्गातील होता. उलट अमेरिकेत १८८१ मध्ये सुरू झालेल्या टस्कीगी येथील संस्थेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांकडून विटा पाडून घेतल्या, इमारती उभ्या करविल्या आणि ते श्रम शिक्षणाचेच अंग मानले. पहिल्या उदाहरणात श्रमाने विद्यार्थ्याची पायरी खाली जाते. दुसऱ्यात श्रमाने संस्थाच उभी राहते. हा भेद आपल्याकडील घडामोड समजण्यास उपयोगी पडतो.

(४)

आपल्याकडे पहिले मोठे पाऊल कोल्हापुरात पडले. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढील काही वर्षांत अनेक जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली; १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले. ‘बोर्डिंग’ हा इंग्रजी शब्द खेड्यापाड्यांत रुळला तो याच काळात. माधुकरीच्या कुंपणाबाहेरच्या मुलांना प्रथमच हक्काचे ताट मिळाले. पंगती मात्र अद्याप वेगळ्याच होत्या.

त्या एकत्र आणण्याचे कार्य भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी केले. कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव स्वतः कोल्हापुरातील जैन बोर्डिंगात राहून शिकले होते आणि तेथील सोवळ्याच्या नियमांशी त्यांचा संघर्षही झाला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीस जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. या वसतिगृहाची चूल पेटती ठेवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडले, ही कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु ते दातृत्व कितीही थोर असले, तरी त्यावर शेकडो मुलांचे ताट कायमचे चालणे शक्य नव्हते. भाऊरावांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी या अडचणीतून अधिक दाता शोधण्याऐवजी अन्नाचा कर्ता बदलला. मुले शेतात राबली, बागा शिंपल्या, दगड फोडले, रस्त्यांवर काम केले, स्वयंपाक केला; आणि शिकली.

१९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर सुरू झाले. महाविद्यालयाचे शिक्षण निःशुल्क आणि निवासी, मात्र विद्यार्थ्याने श्रम केले पाहिजेत, असा हा करार होता. १९४८ नंतर भाऊरावांच्या एका भाषणावरून संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ बंद झाले, तेव्हा या कराराची कसोटी लागली. बाहेरचा दाता हात आखडता घेतो त्या वेळी संस्थेच्या आत काय शिल्लक राहते, हे त्या काळाने दाखविले. ज्यांच्या घरी पाटी नव्हती अशा मुलांमधून पुढे प्राचार्य झाले आणि कुलगुरूही झाले. १९७५ ते १९७८ या काळात शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू असलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील हे याच परंपरेचे.

(५)

आता ‘कमवा आणि शिका’ या सूत्राकडे वळू. त्याचे इंग्रजी रूप आपण इतक्या सहजपणे वापरतो की मराठी क्रियापदाचा विस्तार नजरेआड होतो. ‘कमावणे’ या क्रियापदाचे मूळ संस्कृत ‘कर्मन्’, प्राकृत ‘कम्म’ येथे आहे. पैसा मिळविणे हा त्याचा एक अर्थ झाला. कातडे कमावतात, शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो, पडीक रान कमावून लागवडीस आणतात. कच्च्या वस्तूवर दीर्घकाळ मेहनत घेऊन तिला कसदार आणि उपयोगी करणे हा या सर्वांतील समान अर्थ होय. दगड फोडणारा साताऱ्याचा विद्यार्थी या दोन्ही अर्थांनी कमावत होता : ताटही आणि स्वतःलाही.

दुसरी गोष्ट रचनेची. ‘कमवून शिका’ असे म्हटले असते तर कमाई आधी आणि शिक्षण मागून, असा क्रम लागला असता. ‘आणि’ या अव्ययाने दोन्ही क्रिया समान पातळीवर ठेवल्या. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमेत हस्तोद्योग हे शिकण्याचे माध्यम होते. साताऱ्यास श्रम प्रथमतः अन्नाची किंमत होते आणि ओघाने संस्कार झाले. दोन्ही विचारांत नाते आहे, पण ते एक नव्हेत. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट ही की, माधुकरी आणि वार ही नामे आहेत, ‘कमवा’ हे आज्ञार्थी क्रियापद आहे. आणि त्या क्रियापदाचा कर्ता विद्यार्थी स्वतः आहे. देणाऱ्याचा उल्लेख या वाक्यातून नाहीसा झाला आहे. मराठी शिक्षणव्यवहारातील ही लहानशी व्याकरणिक घटना सामाजिक दृष्ट्या फार मोठी आहे, असे मला वाटते.

(६)

महाविद्यालयीन जीवनात अभ्यासाखेरीज आणखी एक प्रांत असतो, तो प्रथा-परंपरांचा. स्नेहसंमेलन, नियतकालिक, वक्तृत्वस्पर्धा, आणि संमेलनात एकमेकांना दिली जाणारी ‘शेलापागोटी’. शेला आणि पागोटे ही खरी सन्मानाची वस्त्रे. विद्यार्थ्यांनी त्यांचा अर्थ उलटा करून थट्टेच्या ओळींना ते नाव दिले, हा भाषिक खोडकरपणा कौतुकास्पद आहे. पण या प्रथांना मोकळी सायंकाळ लागते. करकंबहून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस गाडीच्या वेळेने बांधलेला असतो. सुट्टीत शेत असते, यात्रेच्या दिवसांत पंढरपुरात मिळेल ते काम असते. संमेलनाचा पडदा वर जातो तेव्हा तो बहुधा परतीच्या रस्त्यावर असतो. वर्गमित्रांच्या आठवणीत तो ‘कधी दिसला नाही’ एवढाच राहतो. येथे कमाई आणि महाविद्यालयीन परंपरा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात.

साताऱ्याच्या प्रयोगाचे मोल या संदर्भात अधिक स्पष्ट होते. तेथे श्रम हीच महाविद्यालयाची परंपरा होती. काम करणारा मुलगा तेथे अपवाद नव्हता, त्याच्यामुळेच संस्थेची ओळख होती. रयत संस्थेच्या शाखांतून २२ सप्टेंबरला निघणाऱ्या कर्मवीर जयंतीच्या मिरवणुकीत ती स्मृती अद्याप नांदते.

(७)

पुढील काळात शुल्काचा भार शासनाने बराच हलका केला. यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात आलेली ‘ई.बी.सी.’ सवलत हा शब्द खेड्यातील घरोघरी पोहोचला. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने ग्रामीण विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाची सोय श्रमाच्या जोडीने केली. विद्यापीठांनीही हे सूत्र स्वीकारले. आज ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात आणि बागेत विद्यार्थी ठराविक तास काम करून मोबदला मिळवितात.

मात्र सूत्राच्या शेवटी आता ‘योजना’ हा शब्द जोडला गेला आहे, आणि योजनेबरोबर ‘लाभार्थी’ हा शब्द आला आहे. लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. तीन तास पुस्तकांच्या नोंदी करून, फडताळे लावून मोबदला घेणारी विद्यार्थिनी अर्जावर लाभार्थी म्हणून नोंदली जाते, तेव्हा क्रियापदाचा कर्ता पुन्हा याचक होतो. माधुकरीची झोळी गेली, पण तिचे व्याकरण मागील दाराने परतले. हा केवळ शब्दच्छल नव्हे. ज्या कामास दान समजले जाते त्याचा मोबदला वेळेवर देण्याची निकड कोणास वाटत नाही. त्या कामातून काही शिकता यावे, अशी अपेक्षाही उरत नाही.

याकरिता दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. योजनेच्या कागदपत्रांतून ‘लाभार्थी’ काढून ‘कमावता विद्यार्थी’ असा साधा शब्द घालावा. आणि महाविद्यालयाच्या नियतकालिकात क्रीडापटू व वक्ते यांच्या नामावलीशेजारी वर्षभर काम करून शिकलेल्यांच्या कामाची नोंद यावी. पहिल्या सूचनेस खर्च नाही, दुसरीस एक पान पुरेल. करकंबसारख्या गावांपर्यंत विद्यापीठ जवळ आले आहे. तेथून येणारा विद्यार्थी आपल्या वाक्याचा कर्ता राहील, एवढी काळजी भाषेने आणि संस्थेने मिळून घेतली पाहिजे.