खाद्यतेलांचे शुद्धीकरण आणि त्यातून निर्माण होणारे घातक घटक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रंग, वास व चव नसलेले तेल म्हणजे शुद्ध तेल, ही समजूत विसाव्या शतकात दृढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रसायनतज्ज्ञ डेव्हिड वेसन यांनी सरकीच्या तेलाचा उग्र वास निर्वात अवस्थेत उष्ण वाफेने काढण्याची पद्धत विकसित केली. गंधहरणाची ही पद्धत पुढे जगभर रुजली. परंतु २०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची हीच पायरी घातक घटकांचे उगमस्थान आहे, हे उमगण्यास सुमारे शतक लोटले.

शोधाचा प्रवास :
१९७८ मध्ये प्राग येथील यान वेलिशेक व सहकाऱ्यांना आम्लाने विघटित केलेल्या वनस्पती प्रथिनांत क्लोरोप्रोपॅनॉल गटातील संयुगे आढळली. त्यांपैकी ३-एमसीपीडी हे संयुग एस्टर रूपात शुद्धीकृत तेलांतही असल्याचे २००६ मध्ये प्रागमधील संशोधकांनीच दाखविले. २००७ मध्ये जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने शिशुआहारातील त्याच्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. २००९ मध्ये ग्लिसिडिल एस्टर आढळल्याने जपानमध्ये एका तेलाची विक्री थांबविण्यात आली.

२०१६ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या एस्टरांपासून शरीरात मुक्त होणारे ग्लिसिडॉल जनुकांना हानी पोहोचविणारे व कर्ककारक ठरविले. त्यासाठी सुरक्षित मर्यादा सांगितली नाही. सर्वाधिक प्रमाण पामतेलात आढळले. पामफळ काढणीनंतर दुखावल्यास त्यातील विकरे डायग्लिसराइड वाढवितात व उच्च तापमानात त्यांपासून ग्लिसिडिल एस्टर बनतात. ३-एमसीपीडीस कच्च्या मालातील क्लोरीनयुक्त संयुगे कारणीभूत असतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये ग्राहकांसाठीच्या तेलात ग्लिसिडिल एस्टरांची मर्यादा किलोमागे १००० मायक्रोग्रॅम ठरविली, तर शिशुआहारासाठीच्या तेलात ती ५०० ठेविली. २०१९ मध्ये कोडेक्स आयोगाने ताजी फळे त्वरित वापरणे, कच्चे तेल धुणे व तापमान मर्यादित ठेवणे असे उपाय सुचविले.

समारोप :
भारत हा पामतेलाचा मोठा आयातदार असल्याने हा इतिहास येथील स्वयंपाकघराशीही निगडित आहे. घाण्याच्या तेलावर एवढ्या तापमानाची प्रक्रिया होत नसल्याने त्यात हे घटक सहसा बनत नाहीत. तथापि, बुरशी लागलेल्या भुईमुगातील अफ्लाटॉक्सिन कच्च्या तेलात उतरते व ते शुद्धीकरणानेच निघते. म्हणून शुद्धीकरण सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. ते किती व कसे करावे, हाच खरा प्रश्न होय. तेलातून काय काढले, याबरोबरच त्यात नव्याने काय निर्माण झाले, हेही शुद्धतेच्या व्याख्येत धरावे लागेल, असा या इतिहासाचा निष्कर्ष निघतो.