गोंडांचे केस: सरळ, नागमोडी की लोकरी?

मध्य भारतातील आदिवासींचे केस लोकरीसारखे असतात, असा समज एकोणिसाव्या शतकात पसरला होता. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तो खोडून काढला. हजारो गोंड पाहिले, पण तसे केस एकाचेही आढळले नाहीत, असे त्यांनी नोंदवले. त्यांचे टिपण प्रशासक रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये, हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केले. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात ते पुन्हा उद्धृत केले. मात्र हिस्लॉप यांनी गोंडांच्या केसांना सरसकट ‘सरळ’ म्हटले. पण लोकरी नाहीत म्हणजे सरळच, असे नसते. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या) जंगलपट्टीत नागमोडी केसही दिसतात.

पुढे मानवशास्त्रज्ञ हॅडन यांनी सरळ, नागमोडी आणि लोकरी असे तीन वर्ग मानले. त्यामागे वंश ठरवण्याचा हेतू होता, आणि तो आता कालबाह्य झाला आहे. १९९७ मध्ये केशभूषाकार आंद्रे वॉकर यांच्या पुस्तकातून चार प्रकारांची मांडणी पुढे आली. त्यात नागमोडी केस दुसऱ्या प्रकारात येतात.

प्रकार ओळखण्यासाठी केस धुऊन, तेल न लावता, फणी न फिरवता वाळू द्यावेत. इंग्रजी ‘एस’सारखे वळण दिसले तर केस नागमोडी. पण याच जंगलपट्टीतील माडिया गोंड स्त्रिया तेल लावून अंबाडा बांधतात, त्यात फण्या खोवतात. तिथे नैसर्गिक वळण पाहुण्या निरीक्षकाला दिसणार कसे?